हीटरची तक्रार, इंजिनाची तपासणी

डिसेंबर उजाडला की दिल्ली-चंडीगडपासून श्रीनगरपर्यंतच्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते : हीटर लावलाय, पण गाडीत ऊब नाही. महाराष्ट्रात ही तक्रार बहुधा दबून राहते. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, नागपूरकर कानटोप्या बाहेर काढतात, पण तेवढ्यासाठी कोणी गाडी मेकॅनिककडे नेत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून मात्र भर हिवाळ्यात हिमाचलमधल्या लाहौलपर्यंत जाणं सोपं झालं आहे. एमएच पासिंगची छोटी हॅचबॅक तिथे पोचली, की इतकी वर्षं लपलेला दोष पहिल्याच संध्याकाळी उघडा पडतो. मग तीन तयार उत्तरं मिळतात. एक, छोट्या गाडीचा हीटर असाच असतो. दोन, थर्मोस्टॅट बदलून टाका. तीन, हीटर कॉइल चोक झाली आहे, डॅशबोर्ड खोलावा लागेल. तिन्ही उत्तरं कधी ना कधी खरी ठरतात, म्हणून ती टिकून आहेत. पण कोणतंही एक अंदाजाने उचललं की पैसे जातात आणि थंडी राहते. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत हीटर म्हणून वेगळी शेगडी नसतेच. तिथे असतं ते इंजिनाच्या गरम पाण्याचं एक छोटं वळण. त्यामुळे हीटर थंड वाटला तर चौकशी इंजिनाच्या तापमानापासून सुरू करायला हवी, तिथून पाण्याच्या फिरण्याकडे आणि शेवटी हवेकडे जायला हवं. गॅरेजमध्ये बरेचदा उलटं होतं.

रचना तशी साधी आहे. इंधनात जेवढी ऊर्जा असते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांकडे जातो, तिसरा धुराबरोबर सायलेन्सरमधून आणि उरलेला कूलंटमध्ये. या तिसऱ्या हिश्शातली थोडी उष्णता एका जाळीदार पेटीतून, म्हणजे हीटर कॉइलमधून, फिरवायची आणि तिच्यावरून पंख्याने, म्हणजे ब्लोअरने, हवा सोडायची, एवढंच काम. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ च्या सुमाराला बाहेरची हवा गाळून, गरम पाण्यावरून ओढून आत सोडण्याची पद्धत रुळवली, आणि आजची स्वस्तातली हॅचबॅकही मुळात तेच करते. याला नावाजलेला अपवाद म्हणजे फोक्सवॅगनची बीटल. तिचं इंजिन हवेवर थंड होई, पाणी नव्हतंच, त्यामुळे एक्झॉस्टच्या पाइपांभोवती तापवलेली हवा दारांखालच्या पोकळ पत्र्यांतून पुढे आणावी लागे. ते पत्रे गंजले की ऊब वाटेतच संपे. छोट्या गाडीचा हीटर कमजोरच, ही समजूत अशा गाड्यांच्या काळातली आहे. १९५९ साली ब्रिटनमध्ये आलेल्या मिनीच्या सगळ्यांत स्वस्त मॉडेलवर तर हीटर जादा पैसे मोजल्याशिवाय मिळत नसे. पाण्यावर थंड होणाऱ्या आजच्या गाडीला ही सबब लागू पडते का, हे आकडे मांडून पाहायला हवं.

एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलावरच्या भाषेत नऊ युनिट, ऊर्जा असते. एक लिटरच्या आसपासचं इंजिन उभ्या गाडीत तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल पितं. म्हणजे पाच-साडेपाच किलोवॅट, त्यातला तिसरा हिस्सा पाण्यात, म्हणजे जेमतेम पावणेदोन किलोवॅट. आता मागणी पाहू. ब्लोअर पूर्ण वेगात तासाला ३०० घनमीटर हवा फेकतो असं धरलं आणि बाहेरची शून्य अंशाची हवा चाळीस अंशांवर न्यायची असली, तर सव्वाचार किलोवॅटच्या आसपास उष्णता लागते. पुरवठा पावणेदोनचा आणि मागणी सव्वाचारची. उभ्या गाडीत ब्लोअर चारवर ठेवला की हवा कोमट होत जाते आणि इंजिनाचं तापमानही खाली येतं, ते त्यामुळे. इथे पहिलं उत्तर बरोबर आहे, छोटं इंजिन रिकामं चालताना मोठा हीटर चालवू शकत नाही. पण हीच गाडी ताशी ६० किलोमीटरने धावते आहे आणि लिटरला वीस किलोमीटर देते आहे असं समजा. मग तासाला तीन लिटर पेट्रोल जळतं, सत्तावीस किलोवॅट ऊर्जा सुटते आणि त्यातले नऊ पाण्यात येतात. मागणी तीच, सव्वाचारची. म्हणजे सपाट रस्त्यावर वीस मिनिटं चालवूनही छोट्या गाडीत ऊब येत नसेल, तर इंजिनाच्या आकाराकडे बोट दाखवता येत नाही. निरोगी गाडीत अशा वेळी डॅशबोर्डच्या मधल्या जाळीतून पन्नास अंशांच्या आसपास हवा यायला हवी, आणि स्वयंपाकघरातला काडीवाला डिजिटल थर्मामीटर जाळीत खोचला की ते कळतं. डिझेलचं गणित जरा वेगळं आहे. ते इंजिन इंधन कमी वाया घालवतं म्हणून उशिरा तापतं, आणि युरोपातल्या कित्येक छोट्या डिझेल गाड्यांना त्यासाठी हवेच्या वाटेवर विजेवर चालणारी जादा कॉइल बसवलेली असते. आपल्याकडच्या गाड्यांत ती क्वचितच दिसते.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते, जी घाटातल्या चालकाला हमखास गोंधळात टाकते. लांब उतारावर गाडी गियरमध्ये ठेवून पाय काढला, की आजचं इंजिन पेट्रोलचा फवारा पूर्ण बंद करतं. इंजिन फिरत असतं, पण त्यात काहीच जळत नसतं. रोहतांगवरून किंवा खारदुंग ला वरून खाली येताना पंधरा-वीस मिनिटं हीच स्थिती असते, आणि त्या वेळात हीटर साठलेली उष्णता खेचत राहतो. हवा गार होते, चालक घाबरतो. हा दोष नाही. तळाशी येऊन सपाट रस्ता लागला, की काही मिनिटांत ऊब परतायला हवी. परतली नाही तर मात्र चौकशी सुरू करावी. उलट, ऊब हवी म्हणून उभ्या गाडीत तासन्‌तास इंजिन चालू ठेवणं हा उपायही नाही, शहाणपणही नाही. बर्फात सायलेन्सर बुजला तर धूर आत येतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली, तेव्हा थंडीबरोबर कार्बन मोनॉक्साइडकडेही बोट दाखवलं गेलं होतं. उभं राहावंच लागलं तर ब्लोअर दोनवर आणावा. हवा कमी येते, पण अंगाला लागण्याइतकी गरम येते. आतलीच हवा फिरवण्याचं बटण थोडा वेळ दाबलं तर मागणी आणखी घटते. फार वेळ दाबलं की काचा धुकटतात, आणि बर्फात अडकलेल्या गाडीत तर ते दाबूनच ठेवू नये.

तपासणीची सुरुवात इंजिन किती तापतं इथून. छोट्या गाड्यांत आज मोठी अडचण ही, की ते सांगणारा काटाच गायब झाला आहे. बहुतेक स्वस्त हॅचबॅकमध्ये दोन दिवे असतात, इंजिन थंड असताना निळा आणि उकळायला आलं की लाल. निळा दिवा विझतो तो पन्नास-साठ अंशांच्या आसपास. इंजिनाने चालायचं असतं नव्वदच्या आसपास. मधल्या तीस-चाळीस अंशांबद्दल डॅशबोर्ड काहीच बोलत नाही. तिथे अडकलेली गाडी चालकाला ठणठणीत वाटते, आणि तिच्याबद्दल कुरकुर करणारा एकच अवयव उरतो, तो म्हणजे हीटर. सुदैवाने आकडा मिळवणं अवघड नाही. स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचं छोटं उपकरण खोचलं की मोबाइलवर कूलंटचं तापमान दिसतं. थंड गाडी सुरू करून सपाट रस्त्यावर चालवावी. आठ-दहा मिनिटांत आकडा ऐंशीच्या वर जाऊन पंच्याऐंशी ते पंचाण्णवच्या दरम्यान स्थिरावला, तर थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, निर्दोष समजायला हरकत नाही. हायवेवर तो साठ-सत्तरवर घुटमळत असेल आणि ट्रॅफिकमध्ये थांबल्यावर वर चढत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा जागेवरच नाही. काही गाड्या अशा वेळी पी०१२८ हा कोडही नोंदवतात. त्याचा सरळ अर्थ, इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचत नाही.

उपकरण नसेल तर हात पुरतो. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची गोळी असते. पाणी ठरावीक तापमानाला, बहुधा ८२ ते ८८ अंशांना, आलं की मेण फुगतं, झडप ढकलतं आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी होते. तोवर पाणी इंजिन आणि हीटर यांच्यातच फिरत राहतं. तेव्हा रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होस पाइपवर हात ठेवावा, पंख्यापासून सांभाळून. सुरुवातीची काही मिनिटं तो गारच राहिला पाहिजे, आणि मग एकदम तापला पाहिजे. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर झडप मिटलेलीच नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाशी, पाणी आत येण्याच्या बाजूला असतो. तिथे हात खाली न्यावा लागतो, एवढाच फरक. याहून सोपी कसोटी डोंगरातले ट्रकवाले नकळत घेत असतात. ते थंडीत रेडिएटरपुढे गोणपाट किंवा पुठ्ठा बांधतात. छोट्या गाडीच्या पुढच्या जाळीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला आणि हीटर लगेच सुधारला, तर दोष सापडला असं समजा. थर्मोस्टॅट नीट मिटत असता तर रेडिएटर आधीच वाटेतून बाजूला असता आणि पुठ्ठ्याने फरक पडला नसता. कसोटी संपली की पुठ्ठा काढून ठेवावा, नाहीतर पुढच्या चढावर वेगळीच तक्रार सुरू होते.

आता महाराष्ट्राचा खरा संबंध. अकोला, नागपूर, चंद्रपूर या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपलीकडे जातो, गाडी तापते, आणि मेकॅनिक थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाकतो. सोबत रेडिएटरचा पंखा डायरेक्ट करून देतो, म्हणजे चावी फिरवली की पंखा चालू. मेकॅनिकच्या बाजूने बोलायचं तर मे महिन्यात गिऱ्हाईक रस्त्यावर अडकू नये एवढीच त्याची चिंता असते, आणि वॉल मिटलेला अडकला तर हेड गॅस्केट जातं हे त्याने पाहिलेलं असतं. त्यावर आक्षेपही घेतला जातो : आपल्या हवेत इंजिन थंड राहिलं तर बिघडतं काय? बिघडतं बरंच. इंजिनाचा कॉम्प्युटर पाणी थंड आहे असं पाहून पेट्रोल जास्त सोडत राहतो. न जळलेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइलमधली वाफ उडून जात नाही, आणि बोअर-रिंगांची झीज वाढते. शिवाय ज्या समजुतीवर हा उपाय उभा आहे, ती सगळ्या इंजिनांना लागू नाही. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅटला दुसरी चकती असते. मुख्य वाट उघडताना ती बायपासची वाट बंद करते. अख्खा वॉल काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, पाण्याचा एक भाग रेडिएटरमध्ये न जाता तसाच इंजिनात परततो, आणि ऐन उन्हाळ्यात गाडी जास्त तापू शकते. म्हणजे ज्या रोगावर औषध दिलं तोच बळावतो. पंखा डायरेक्ट केल्याने तुलनेने कमी नुकसान होतं. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर सतत फिरणारा पंखाही पाणी गार करू शकत नाही, कारण पाणी त्याच्यापर्यंत जातच नाही. वॉल आणि पंखा दोन्ही बिघडवले, की त्या गाडीला लाहौलमध्ये ऊब मिळण्याची शक्यता उरत नाही. दुरुस्ती सोपी आहे. वॉल काही शे रुपयांत मिळतो. फक्त त्यावर कोरलेला आकडा कंपनीने दिलेलाच असावा. नवा वॉल बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात उकळून तो कधी उघडतो हे पाहून घेणारा मेकॅनिक भेटला, तर त्याचा नंबर जपून ठेवावा.

इंजिन नव्वदला पोचतं आहे, तरी हवा गार असेल, तर प्रश्न पाण्याचा. इथे पहिली गोष्ट पातळी, आणि तीही इंजिन पूर्ण थंड असताना. गरम इंजिनात रेडिएटरचं झाकण उघडलं तर दाबाखालचं पाणी तोंडावर येतं. बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत कूलंट खुणेपर्यंत आहे म्हणून रेडिएटरही भरलेला आहे असं मानणं ही सर्रास होणारी चूक. इंजिन गार होताना रेडिएटर बाटलीतून पाणी परत ओढतो, ते झाकणातल्या एका छोट्या झडपेतून आणि बारीक नळीतून. झडप चिकटली किंवा नळीला चीर गेली, तर बाटली भरलेली राहते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. हीटर कॉइल अनेक गाड्यांत या सगळ्या पाइपांच्या मानाने उंचावर असते. पाणी कमी झालं की पहिली कोरडी पडते ती. म्हणून उभ्या गाडीत गार आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गरम, ही लक्षणं आधी कमी पाण्याची, मग पाण्यात अडकलेल्या हवेची, आणि त्यानंतर झिजलेल्या वॉटर पंपाची मानावीत. हवा धरली असेल तर डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते. गाडीचं नाक चढावर ठेवून, इंजिन थंड असतानाच झाकण काढून, हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन चालू ठेवलं, की थर्मोस्टॅट उघडेपर्यंत बुडबुडे निघून जातात आणि वरून कूलंट टाकत राहता येतं. काही गाड्यांना यासाठी वेगळा स्क्रू असतो. पण हवा काढली आणि आठवड्यात परत धरली, तर ती कुठून येते हे विचारायलाच हवं. होसच्या क्लॅम्पमधून, की सिलेंडरमधून? पाणी कमी होतं पण गळतीचा डाग कुठे नाही, झाकण उघडं ठेवून रेस केल्यावर बुडबुडे थांबत नाहीत, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ सुटत राहते, ही हेड गॅस्केटची चिन्हं. ज्याला आपण हीटरचा किरकोळ त्रास म्हणत होतो, तो इथे इंजिन खोलण्याच्या खर्चाचा पहिला इशारा ठरतो.

पुण्या-मुंबईकडच्या गाड्यांत याला एक स्थानिक फाटा आहे. सिलेंडरमधला सीएनजी २०० बारच्या दाबाने असतो. तो इंजिनाला देण्याआधी रिड्यूसरमध्ये दाब उतरवावा लागतो, आणि दाब उतरताना वायू इतका गार होतो की रिड्यूसर गोठेल. म्हणून बाहेरून किट बसवताना रिड्यूसरला गरम पाणी दिलं जातं, आणि ते सहसा हीटरच्याच होस पाइपांना टी जोडून घेतलं जातं. टी बारीक निवडला, जोडणी चुकीच्या ओळीत केली, किंवा काम झाल्यावर हवा काढलीच नाही, तर त्या दिवसापासून हीटर मंदावतो. पुण्यात हे कळत नाही, कारण पुण्यात हीटर लावतो कोण? तक्रार येते ती दोन वर्षांनी, दुसऱ्याच राज्यात, आणि किटचा संशय कोणालाच येत नाही. किट बसवलेल्या गाडीत तेवढ्यासाठी टी आणि होस आधी पाहावेत.

पाणी पुरेसं आहे, हवा नाही, पंप चालतो, तरी ऊब नाही, अशा वेळी बोनेटखालच्या मागच्या पत्र्यातून आत जाणारे दोन पाइप बोलके ठरतात. एकातून पाणी हीटर कॉइलमध्ये जातं, दुसऱ्यातून परत येतं. इंजिन पूर्ण तापवून, ब्लोअर मधल्या वेगावर ठेवून दोन्हींचं तापमान मोजावं. लेझरसारखा दिसणारा इन्फ्रारेड थर्मामीटर यासाठी उत्तम. कोविडच्या काळात घरोघरी आलेला कपाळावर धरायचा मात्र नको, तो बहुधा माणसाच्या तापापुरताच वाचतो. नेम काळ्या रबरावर धरावा. चकचकीत धातूवर आकडा फसवा येतो. दोन्ही पाइप सारखे कढत असले, फरक दहा-पंधरा अंशांच्या आत असला, तर कॉइलमधून पाणी वाहतं आहे आणि दोष पुढे हवेच्या वाटेवर आहे. एक कढत आणि दुसरा कोमट, तीस-चाळीस अंशांचा फरक, तर कॉइल चोक आहे किंवा, जुन्या गाडीत, पाण्याची तोटी अर्धीच उघडते आहे. दोन्ही कोमट असतील तर मागे फिरून तापमान आणि पातळी पुन्हा तपासावी. कॉइल चोक का होते याचं उत्तर पुष्कळदा आपल्या सवयींत सापडतं. कूलंटऐवजी बोअरचं क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं भरलं जातं, आतून गंज आणि पांढरा थर धरतो. रेडिएटर गळायला लागला तर हायवेवरचा तोडगा म्हणून मूठभर हळद किंवा बाजारात मिळणारी गळती बंद करणारी पावडर टाकली जाते. रेडिएटरची चीर बुजतेही, पण त्याच गाळाला हीटर कॉइलच्या बारीक नळ्या चिरेपेक्षा वेगळ्या वाटत नाहीत. अशी कॉइल डॅशबोर्ड न उघडता धुता येते. दोन्ही पाइप सोडवून परतीच्या बाजूने साधं पाणी कमी दाबाने सोडायचं, तांबूस गढूळ पाणी स्वच्छ होईपर्यंत दिशा बदलत राहायचं. वॉशिंगचा जोरदार फवारा वापरला तर जुनी कॉइल फुटते, आणि मग डॅशबोर्ड उघडावाच लागतो. कॉइल गळत असेल तर धुण्यात अर्थ नाही. पायाशी गालिचा ओला, आतल्या काचेवर तेलकट धुकं आणि गोडसर वास ही गळतीची खूण, आणि कूलंटमधलं ग्लायकोल विषारी असल्याने ती दुर्लक्षून चालत नाही.

हवेच्या बाजूचे दोष तुलनेने सौम्य, आणि बरेचसे बसल्या जागी ओळखता येणारे. हवा गरम आहे पण झुळूक क्षीण आहे, तर ग्लव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघावा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पाला असतो, कधी उंदराचं घरटं. ब्लोअर फक्त चारवर चालतो आणि एक-दोन-तीनवर मूग गिळून बसतो, तर रेझिस्टर जळाला आहे. झुळूक जोरात आहे, पाइप कढत आहेत, तरी हवा गार, म्हणजे गरम-थंड मिसळणारी फ्लॅप जागची हलत नाही. साध्या गाड्यांत ती केबलने फिरते आणि केबलची क्लिप निसटलेली असते. तापमानाचं बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेताना फ्लॅपचा हलका ठोका ऐकू येतो का ते इंजिन बंद ठेवून ऐकावं. ऑटोमॅटिक एसीत तिथे छोटी मोटर असते आणि तिचा दाता तुटला की डॅशबोर्डमागे टकटक चालू राहते. आपल्याकडे कोणाला हीटर लागतो, या आक्षेपाचं उत्तरही याच फ्लॅपपाशी आहे. जुलैत आंबोलीत किंवा ताम्हिणीत धुकं आणि पाऊस एकत्र येतात, काच आतून धुकटते. तेव्हा एसीने हवा कोरडी करायची आणि हीटरने ती किंचित तापवून काचेवर सोडायची, हा सगळ्यांत जलद उपाय. फ्लॅप अडकलेल्या गाडीत तो उपलब्ध नसतो, आणि हे कळतं ते ऐन घाटात.

सगळ्यांत गंभीर आक्षेप मात्र मेकॅनिकचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. थर्मोस्टॅट स्वस्त, दोषांत तो वरच्या क्रमांकाचा, मग मोजमापात तास घालवण्यापेक्षा तो सरळ बदलून पाहायला काय हरकत? ज्या गाडीचं तापमान सत्तरवर अडकलेलं दिसतं, तिथे काहीच हरकत नाही. तापमान न पाहता बदलायला मात्र हरकत आहे, कारण बदलताना कूलंट सांडतं, नवी हवा आत शिरते, आणि मूळ दोष पातळीचा किंवा हेड गॅस्केटचा असला तर चित्र आणखी धूसर होतं. नवा वॉल बसवूनही ऊब नाही म्हटल्यावर पुढची पायरी हमखास डॅशबोर्ड खोलण्याची असते. त्या कामाला दिवस जातो, आणि परत बसवताना एखादी क्लिप मोडली की डॅशबोर्ड आयुष्यभर करकरत राहतो. याउलट वर सांगितलेल्या तपासण्यांना, कूलंटचं तापमान, थंड इंजिनातली पातळी आणि दोन पाइपांमधला फरक बघायला, अर्धा तास पुरतो. मजुरी फक्त जोडकामाची मिळते, निदानाची मिळत नाही, ही आपल्या गॅरेज-व्यवहारातली अडचण खरी आहे. त्या अर्ध्या तासाचे पैसे द्यायला मालक तयार असेल तर मेकॅनिकही मोजेल. आणि डॅशबोर्ड उघडण्याचा सल्ला मिळाला तर दोन पाइपांचे आकडे विचारण्यात गैर काही नाही.

शेवटची बाब कूलंटची, कारण थंड प्रदेशात साध्या पाण्याची गाडी नेणं हीटरपुरतं मर्यादित राहत नाही. साधं पाणी शून्याला गोठतं आणि गोठताना फुगतं. लाहौलमधल्या केलाँगमध्ये उघड्यावर काढलेली एक रात्र रेडिएटर फोडायला पुरते, कधी इंजिनाचा ब्लॉकही. पाणी आणि एथिलीन ग्लायकोल समसमान असतील तर मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली द्रव राहतं, एक तृतीयांश ग्लायकोल असेल तर उणे १७-१८ पर्यंत. निव्वळ ग्लायकोल भरणं हा शहाणपणा नव्हे. ते एकट्याने उणे १३ च्या आसपासच गोठतं, आणि पाण्याहून कमी उष्णता वाहून नेतं, म्हणजे हीटरही मंदच. पातळ मिश्रण पहाटे अर्धवट गोठून त्याचा चिखल होतो, तो कॉइलच्या नळ्यांत अडतो, आणि मग सकाळी हीटर गार, दुपारी ठीक, असं विचित्र लक्षण दिसतं. त्याचं निदान कॉइलच्या नावाने करण्याआधी दोनशे-तीनशे रुपयांच्या हायड्रोमीटरने कूलंटची घनता बघावी. निघण्याआधी नाशकात किंवा पुण्यातच बघितली तर उत्तम, कारण नीट प्रमाणाचं कूलंट मनालीतल्या दुकानात मिळालं तरी ते भरायच्या आधी जुनं पूर्ण काढावं लागतं, आणि शून्याखालच्या हवेत, उघड्या रस्त्यावर, ते काम करायला कोणी राजी नसतो.